तुपाच्या शंभर आंघोळी

पाथरीत थंडी आली हे अंगावरच्या स्वेटरवरून कळत नाही, पायाच्या टाचांवरून कळतं. दिवाळीच्या पणत्या माळ्यावर जातात न जातात तोच रात्री गोधडीच्या आत एक बारीक खरखर सुरू होते. गोधडीचा सुटलेला दोरा टाचेच्या भेगेत अडकतो, माणूस झोपेतच पाय आखडून घेतो आणि सकाळी चूळ भरता भरता जाहीर करतो की गारठा पडायला लागला. त्यानंतर दोन-चार दिवसांनी पेपरात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा येतो, सहा अंश, कधी पाच, आणि पुण्याकडचे नातलग फोनवर अविश्वासानं विचारतात, "तुमच्याकडं एवढी थंडी?" मराठवाडा म्हणजे बारमाही मे महिना अशी त्यांची समजूत असते, आणि ती मोडून त्यांना दुखवणं आमच्या जिवावर येतं. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि माणसं हिवाळ्यात. वर्ष दोघांनी असं समजुतीनं वाटून घेतलं आहे. जमिनीच्या भेगांची काळजी वाहायला १९७२ सालापासून परभणीला विद्यापीठ आहे. टाचांच्या भेगांना मात्र कुलगुरू नाही. ते खातं ज्या त्या घरातल्या मावशीकडे, आत्याकडे किंवा आजीकडे पिढीजात चालत आलेलं आहे.

आमच्या घरी ते मावशीकडे होतं. आईची थोरली बहीण. उभं आयुष्य तिनं शेतात काढलं, आणि कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईची बोटं कशी होतात हे ज्यानं पाहिलं असेल त्याला तिच्या हातापायांचं वर्णन सांगायला नको. उमललेलं बोंड लांबून मऊ दिसतं. त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं मात्र सुईसारखी असतात, आणि दिवसभर त्यांच्यातून कापूस ओढून काढणारी बोटं संध्याकाळी भाकरीच्या पिठालाही झोंबतात. मावशीचा औषधांवरचा विश्वास निजामाच्या राजवटीइतका जुना आणि तितकाच मोजक्या ठिकाणी ठेवलेला. सर्दी, डोकेदुखी, पोटदुखी, विंचू, भीती, सगळ्यावर तिच्याकडे 'जिंदा तिलिस्मात'ची बाटली. हैदराबादेत १९२० साली निघालेलं ते औषध मराठवाड्यात असं रुजलं की निजाम गेला, संस्थान गेलं, बाटली राहिली. टाचांना मात्र तिलिस्मात चालत नाही, भडका उडतो. त्यासाठी मलम, आणि मलम म्हणजे घरी केलेलं.

डॉक्टरांनी दिलेली ट्यूब तिनं एकदा वापरून पाहिली होती. "चिकट लागतंय आन् चादर खराब होतीय," एवढा अभिप्राय देऊन तिनं ती देवळीत ठेवली. मग पुण्याच्या भाचीनं पार्सल पाठवलं. त्यात एक देखणी काचेची बाटली, बांबूचा चमचा आणि 'शिया बटर' असं लिहिलेली डबी. मावशीनं डबी नाकाशी नेली, परत फिरवून पाहिली आणि विचारलं, "कोण्या म्हशीचं लोणी हाय हे?" म्हशीचं नाही, आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं, असं सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. झाड दूध देत नाही हे तिला मान्य होतं. पण बी तेल देते, तेल गारठ्यात थिजतं आणि कोकणातले लोक आमसुलाच्या बियांचं असंच तेल टाचांना लावतात, हे तिला तोंडपाठ होतं. "मंग आमसुलाचं तेल काय वंगाळ होतं? त्याला आफ्रिकेला कशाला पाठवायचं?" या प्रश्नाला जागतिक व्यापारशास्त्रात काही उत्तर असेल, मला सुचलं नाही. डबी देवळीत ट्यूबच्या शेजारी गेली. मला मात्र त्या दिवशी पेन्शनीत निघालेल्या माणसाला सुचतं तसं काहीतरी सुचलं, आणि मी म्हणालो की मलम मीच करतो. घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हसलं कुणी नाही, ते त्यांचं मोठेपण.

सुरुवात तुपापासून. शतधौत घृत हे नाव भारदस्त असलं तरी कृती इतकी साधी आहे की तिच्यात पांडित्याला जागाच नाही. तांब्याची परात घ्यायची, तिच्यात गाईचं तूप, वर गार पाणी, आणि तळहाताच्या मांसल भागानं तूप परातीच्या बुडाशी घासत राहायचं. पाणी दुधाळ झालं की ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. चरकसंहितेत तापातल्या दाहासाठी सहस्रधौत, म्हणजे हजार वेळा धुतलेलं तूपही सांगितलं आहे. ते वाचल्यावर आजाऱ्यापेक्षा त्याच्या घरच्यांबद्दल मला जास्त कणव वाटली. पहिल्या काही धुण्यांत घडत काहीच नाही. तूप आणि पाणी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच आळीत राहून बोलणं टाकलेल्या भावकीसारखी, परातीत एकमेकांना अंग न लावता फिरत राहतात. मग कधीतरी, नेमकं कधी ते ध्यानात येत नाही, तुपाचा कण मोडतो. पिवळेपणा विरतो, वास मंदावतो, पाण्याचे अगदी बारीक थेंब तुपाच्या पोटात जाऊन बसतात आणि हाताखाली पांढरं, हलकं, फेसाळ असं काहीतरी उमलायला लागतं. इतक्या वेळा बाजूला ढकललेलं पाणी अखेर घरातलं होतं, तो क्षण पकडावा म्हणून मी परातीवर डोळे लावून बसे, आणि तो हमखास मी चष्मा पुसत असताना येऊन जाई.

मोजणी मावशीकडे. ती ओट्याच्या कडेला पाटावर बसून जपमाळ ओढायची. प्रत्येक पाण्याला एक मणी, प्रत्येक मण्याला एक रामनाम. माळेत मणी १०८, म्हणजे आमचं तूप शास्त्रापेक्षा आठ आंघोळी जास्त करायचं. "आठ वरकड झाल्या तर झाल्या, देवाच्या घरी फुकट जातंय व्हय काही?" धुवून काढलेलं पाणी मोरीत ओतायला बंदी होती, कारण गारठ्यात तूप थिजून मोरी तुंबते; ते अंगणात जास्वंदीच्या बुंध्याशी जायचं. जास्वंदीला त्याचा काय फायदा झाला ते कळलं नाही. शेजारची मांजर मात्र त्या दिवसांत आमच्याकडेच राहायला आली होती, आणि तिची कातडी, म्हणजे जेवढी केसांतून दिसते तेवढी, फार सुरेख झाली होती.

हात मात्र एकाच अंगानं फिरला पाहिजे, हा मावशीचा दंडक. उजवीकडून डावीकडे सुरू केलं तर शेवटपर्यंत तसंच. मध्येच उलटा फिरला की तूप रुसतं. यात विज्ञान किती हा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्या वेळी माझ्या मनात आमच्याच गावचा एक माणूस आला होता. पाथरीचं जुनं नाव पार्थपूर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं ज्ञानराज नावाचा ज्योतिषी राहत होता. ग्रहगणितावरचा 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ त्याचा. त्याचा मुलगा सूर्यदास. बापाचं गणित त्याच्याकडे होतंच, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर त्यानं टीका लिहिली. पण त्याला आणखी एक खोड होती. त्यानं 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं, ज्याचे श्लोक सरळ वाचले तर रामाची कथा निघते आणि तीच अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली तर कृष्णाची. असल्या माणसाच्या गावात बसून हात एकाच दिशेनं फिरवायची सक्ती मला जरा विनोदी वाटली. एकदा मावशी माळेत गुंतलेली पाहून मी हळूच हात उलटा फिरवला. तूप रुसलं नाही. पण मावशीनं डोळे न उघडता "हूं" केलं, आणि मी मुकाट्यानं रामाकडे परतलो.

हे तूप लावलं की गार लागतं, त्याचं कारण त्याच्या पोटातलं पाणी. ते उडून जाताना कातडीची ऊब बरोबर घेऊन जातं. रोममध्ये दुसऱ्या शतकात गेलेन नावाच्या वैद्यानं मेण आणि ऑलिव्हच्या तेलात गुलाबपाणी घोटून असंच एक लेपन केलं होतं; 'कोल्ड क्रीम'मधला गारवा तोच. रोम आणि पाथरी यांच्यात पत्रव्यवहार असण्याचं कारण नाही, पण भाजलेल्या कातडीवर काहीतरी गार ठेवावं ही इच्छा सगळीकडे एकाच हातानं लिहिलेली असावी. मात्र ज्या पाण्यामुळं गारवा, त्याच पाण्यामुळं काळजी. घरच्या मलमात पाणी शिरलं की बुरशीलाही आमंत्रण गेलं. कोरफडीचा ताजा गर घालून केलेली हिरवीगार क्रीमं चार दिवसांत कशी वास मारायला लागतात हे ज्यांनी केली त्यांना विचारावं. शिवाय तांब्यात घोटलेलं हे तूप पोटात घ्यायचं नसतं. म्हणून डबीवर मी ठळक अक्षरांत 'खाऊ नये' असं लिहून ठेवलं. तरी सकाळी घाईत ते एकदा पोळीला लागायचं राहिलं ते केवळ चिरंजीवांना पांढऱ्या तुपाची शंका आली म्हणून.

टाचांच्या खोल भेगांना मात्र तूप पुरत नाही. तिथं मेणाचं मलम लागतं, आणि ते सोपं आहे, कारण त्यात पाण्याचा थेंब नसतो. चार भाग तेल, एक भाग मधमाश्यांचं मेण, चिमूटभर राळ. तेल आमच्याकडे करडईचं. ज्या जिल्ह्याच्या विद्यापीठानं करडईच्या वाणाला 'परभणी कुसुम' असं प्रेमकवितेत शोभेल असं नाव दिलं, तिथं दुसरं तेल घ्यायला मन होत नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात वाटी, वाटीत तेल आणि मेण. बासष्ट-चौसष्ट अंशांना मेण वितळतं. आधी कडा पारदर्शक होतात, मग मधला खडा तरंगत तरंगत लहान होत जातो. पुस्तकांतली प्रमाणं बहुधा थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेली असतात. त्यांचं मलम पाथरीच्या मे महिन्यात डबीत राहत नाही, ते तेल होऊन झाकणाखालून देवळीभर हिंडतं. तेव्हा उन्हाळ्यात मेणाचा हात सढळ ठेवावा लागतो आणि डिसेंबरात आखडता. तिथी पाहून मलम करावं लागतं, इतकं ते सणासारखं आहे.

प्रश्न मेणाचा होता. बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात मेण म्हणून जे मिळालं ते मेणबत्तीच्या कुळातलं निघालं. मी ते परत करायला निघालो तेव्हा मावशी आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेची एक लहान डबी होती, सुपारीएवढी, झाकणावर मोर. आता टिकल्यांची पाकिटं आली म्हणून त्या डब्या कुणाला आठवत नसतील. पूर्वी कोरडं कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी बोटानं मेणाचा गोल टिपका लावत आणि मग त्यावर कुंकू टेकवत. मावशीच्या डबीतल्या मेणात मधोमध एक खळगा पडलेला होता, बरोबर तिच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या शेंड्याएवढा. रोज सकाळी तेवढंच बोट, तेवढ्याच जागी. खळग्याच्या तळाशी आणि कडेला कुंकवाचे लाल कण रुतून बसले होते. काका गेल्यापासून डबी उघडली गेली नव्हती.

"घे," ती म्हणाली. "मला काय करायचंय त्याचं आता."

मी डबी हातात धरून तसाच उभा राहिलो. वाटी तापली होती, पाणी उकळत होतं आणि मला एकदम हे मलम करण्याची काहीच घाई वाटेना. तेवढ्यात तिलाच काहीतरी खटकलं. "अन् कपाळावरचं पायाला लावायलास व्हय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, राहू दे, दुसरं मेण आणतो. ती थोडा वेळ वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टाक. जलमभर पायच राबले माझे. कपाळानं काय केलं?" आणि सुरीच्या टोकानं तिनंच तो गोळा उकरून वाटीत सोडला. तो तरंगला, फिरला आणि कडेनं विरघळायला लागला. सगळ्यात शेवटी विरघळला तो खळग्याचा तळ. फडक्यातून गाळून घेतलं तरी तेलावर तांबूस झाक राहिलीच. मलम थिजल्यावर त्याचा रंग पहाटेच्या आधी जेमतेम दिसणाऱ्या आभाळासारखा झाला होता. काचेच्या बाटलीत नि बांबूच्या चमच्यात असला रंग मिळत नाही.

हल्ली या सगळ्याला 'नैसर्गिक' म्हणतात आणि नैसर्गिक म्हटलं की लोक डोळे झाकून विश्वास टाकतात. त्यांनी एकदा बिब्ब्याला भेटावं. तोही झाडालाच लागतो, रसायनांच्या कारखान्यात नाही. आमच्याकडे जुनी माणसं सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरत आणि त्याचं काळं तेल टाचेच्या भेगेत सोडत. भेग बुजे हे खरं. पण ते तेल चुकून शेजारच्या निरोगी कातडीला लागलं की बिब्बा उततो, आणि मग माणूस भेगेची आठवण काढून रडतो. चांगल्या कामात बिब्बा घालणारे लोक का नकोसे होतात हे त्या वेळी अंगभर कळतं. मावशी बिब्ब्याच्या बाजूची होती. इथं मात्र मी ठाम राहिलो, आणि आमच्या मलमशास्त्रातला हा एकमेव मतभेद आजतागायत मिटलेला नाही. तिच्या बाजूला पुरावाही बळकट आहे. 'श्रीसाईसच्चरिता'त साईबाबांनी एका भक्ताच्या सुजलेल्या डोळ्यांवर बिब्बे ठेचून बांधल्याची आणि डोळे बरे झाल्याची गोष्ट आहे. मावशीला ती पाठ आहे. बाबांना जमलं ते मला जमणार नाही, असं म्हणून मी सुटका करून घेतली. हा युक्तिवाद पाथरीत कुणाला खोडता येत नाही.

कारण बाबा आमचे आहेत, असं पाथरी मानते. त्यांचा जन्म इथला, ही इथली श्रद्धा. जन्मस्थान म्हणून मानलेल्या जागी मंदिर आहे. २०२० च्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीनं बंद पाळला होता. ज्या माणसानं आपलं गाव, नाव, जात कधी कुणाला धड सांगितली नाही, त्याच्या जन्मगावावरून दोन गावं हिरीरीनं भांडली. वर बसून तो नक्कीच चिलीम ओढत हसला असेल. मला त्या वादात पडायचं नाही. मला त्यांच्या हाताची गोष्ट आठवते. १९१० सालच्या दिवाळीत बाबा धुनीजवळ बसले होते आणि एकाएकी त्यांनी आपला हात धुनीत घातला. पुढं सांगितलं की दूरवर एका लोहाराचं पोर आईच्या कडेवरून भट्टीत पडलं, त्याला काढलं. हात चांगलाच भाजला. बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर मुंबईच्या डॉक्टर परमानंदांना मलमपट्टीच्या सगळ्या सामानासकट घेऊन आले, तर बाबांनी त्यांना पट्टी सोडूही दिली नाही. हात दिला तो भागोजी शिंद्यांकडे. भागोजी स्वतः कुष्ठरोगी. ते रोज सकाळी येत, पट्टी सोडत, भाजलेल्या जागी तूप चोळत, वर पान ठेवून पुन्हा घट्ट बांधत. जखम यथावकाश भरली. तूप मात्र थांबलं नाही. १९१८ साली बाबांनी देह ठेवला तोवर भागोजींचं रोजचं येणं, पट्टी सोडणं, भरून आलेल्या हाताला तूप चोळणं चालूच होतं.

वैद्यकीय दृष्टीनं ही आठ वर्षं निव्वळ तुपाची नासाडी. परमानंद डॉक्टरांना काय वाटलं असेल याची कल्पना मी करू शकतो. मुंबईहून आणलेली पेटी तशीच परत नेताना शिक्षित माणसाला जे वाटेल ते. पण ज्याच्या अंगाला लोक हात लावायला कचरत त्याला रोज सकाळी कुणीतरी आपला हात पुढं करत होतं. ट्यूब एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. डबीतलं घरचं मलम तसं देता येत नाही. किती घ्यायचं, कुठवर चोळायचं, भेगेत दाबायचं की वरवर फिरवायचं, हे त्यावर छापलेलं नसतं, त्यामुळं करणाऱ्यालाच ते लावायला बसावं लागतं. आमच्यात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसानं मावशीचे पाय हातात घ्यायचे ते फक्त नमस्कारापुरते, तेही सणावारी, वाकून पटकन. मांडीवर पाय घेऊन निवांत बसायला काहीतरी निमित्त लागतं, आणि भेगांइतकं सभ्य निमित्त दुसरं नाही.

तेव्हा हिवाळाभर रात्रीची जेवणं झाली की मावशी पाटावर बसायची, मी खाली. तांबूस मलम आधी तळहातावर चोळून सैल करायचं आणि मग टाचेवर. पहिल्या आठवड्यात भेगांच्या कडा टणक, बोटाला बोचणाऱ्या; मग हळूहळू त्या वितळल्यासारख्या झाल्या. तेवढ्या वेळात ती कुठल्या शेतातल्या कुठल्या बांधावरून पहिल्यांदा घसरली, कुठल्या साली ज्वारीला कणसंच आली नाहीत, काका बैलबाजारातून तिच्यासाठी चपला आणायला गेले आणि विसरून बैलाच्या घुंगरांची माळ घेऊन आले, असं सगळं सांगून झालं. टाचेवरून हात फिरतो तेव्हा माणूस पावलांनीच बोलायला लागतो की काय कोण जाणे. आधी कधी विचारलं असतं तर तिनं "काय सांगावं, झालं आपलं" म्हणून उडवून लावलं असतं.

माघ संपत आला तसा गारठा ओसरला. एका रात्री मी तिची टाच दिव्याकडे फिरवून पाहिली; भेग नावाला उरली नव्हती. डबीत मलम होतं, पण चोळायला जागा नव्हती. मी झाकण लावलं आणि म्हणालो, "मावशी, भरल्या की टाचा."

"भरल्या," ती म्हणाली, पाय न हलवता. "पन आता उन्हाळा येऊलालाय. पाठीला घामोळ्या येतात, त्याचं काय करायलास? चंदन उगाळून लावाव म्हणते. सहाण कुठाय?"

सहाण लोणच्याच्या मोठ्या बरणीवर दडपण म्हणून बसवलेली होती. बरणी मावशीनंच भरलेली, आणि ती पाडव्यापर्यंत उघडायची नाही असा हुकूमही तिचाच.